बेरीज तीच राहते

चाचांना कुठलाही आकडा सांगा, ते आधी त्याच्याकडे संशयाने बघायचे. आमच्या विभागात कुणी म्हणालं, "पुतणीच्या लग्नाला पाचशे माणूस होतं," की चाचा चष्म्यावरून बघत विचारणार, "आलेलं का जेवलेलं?" सांगणारा जरा गोंधळला की लगेच पुढचा प्रश्न, "एकच माणूस हळदीला बी आला आणि लग्नाला बी आला, तर त्यो एक धरलासा का दोन?" एवढं झाल्यावर त्या लग्नाचं पुढचं वर्णन तिथेच राहायचं. लोक चाचांना लग्नाला अगत्याने बोलवत, पण लग्नाच्या गोष्टी मात्र दुसऱ्या टेबलावर जाऊन सांगत.

कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या अभिलेख विभागात ते वरिष्ठ लिपिक होते. मी तिथे कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. उंच, काटकुळी अंगकाठी, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. माणसांची नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा होता, गावं मात्र पक्की ध्यानात राहत. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, मी मुरगूड म्हटलं, आणि तिथून पुढे मी कायमची मुरगूड झाले. शेजारच्या टेबलावरचा लिपिक इचलकरंजीजवळच्या कबनूरचा, म्हणून तो कबनूर. "मुरगूड, कबनूरला सांग, च्या आलाय," असं ऐकलं की नव्या माणसाला आपण चुकून एसटी स्टँडवर आलो की काय असं वाटायचं. घरी म्हातारी आई आणि ते, अशी दोनच माणसं होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण उलट काय प्रश्न येईल याचा नेम नसे.

वर्ष संपलं की आम्हाला एक तक्ता वर पाठवावा लागायचा. माणसं कशाने दगावली त्याचा. विष, बुडणं, भाजणं, साप, वाहन, अशा एकाखाली एक ओळी. त्यात एक ओळ बंदुकीची, आणि तिच्यापुढे तीन रकाने, खून, आत्महत्या आणि अपघात. बंदुकीचं माणूस आमच्याकडे क्वचितच यायचं, त्यामुळे बहुतेक वर्षी तिथे 'निरंक' लिहावं लागे. सरकारी कागदावर शून्य लिहीत नाहीत, निरंक लिहितात. कबनूर त्या ओळीकडे न बघताच निरंक, निरंक, निरंक असं टाकून मोकळा व्हायचा. चाचा तो कागद त्याच्या हातातून काढून घ्यायचे. "बाकीचा तक्ता तू कर. बंदुकीची ओळ माझी हाय." आणि मग ती एक ओळ भरायला ते चार दिवस लावायचे. पोलीस ठाण्यांना फोन, जुनी रजिस्टरं, पुन्हा फोन. माझ्या पहिल्या वर्षी एवढं करून शेवटी निरंकच आलं, तेव्हा कबनूर आणि मी तोंड फिरवून हसलो.

एकदा पेपरात मथळा होता की जिल्ह्यात गोळीबार वाढला. मी तो चाचांपुढे ठेवला आणि जरा खोचकपणेच म्हणाले, "आणि आपल्याकडं निरंक." चाचांनी चष्मा पुसला. "वाढ कशात, ते लिवलंय का?" मग त्यांनी मला पेन्सिलीने एकेक दाखवायला सुरुवात केली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतल्या कामगाराच्या दंडाला वरातीत कुणीतरी हवेत उडवलेली गोळी लागली होती. तो जगला, म्हणून आमच्या तक्त्यात नाही. कुणाला नुसता गावठी कट्टा दाखवून दम दिला होता, गोळी सुटलीच नव्हती. तो पोलिसांच्या आकड्यात आहे, पेपरातही आहे, दवाखान्यात कसा असेल? आणि एकाला गोळी कोल्हापुरात लागली, पण आठव्या दिवशी तो मिरजेच्या दवाखान्यात दगावला.

"आता ह्यो कुणाचा?" चाचांनी विचारलं.

"दोन्हीकडचा."

"मग एका माणसाची दोन झाली की."

"मग कुणाचाच नाही."

"मग त्यो मेलाच न्हाय व्हय?"

मी पेपर मिटला. चाचा खूश होऊन आपला अर्धा चहा माझ्या कपात ओतायला लागले. मग म्हणाले, "गोळीबार म्हटला की लोकांस्नी गुंड दिसतो. भांडण दिसतंय. घरात खुंटीला बंदूक हाय आणि तिच्याखाली एकटा माणूस बसलाय, ह्यो कुणाला दिसत न्हाय. त्येला गोळीबार म्हणायचं कुणाच्या डोस्क्यातच येत न्हाय." त्या वेळी मला ते त्यांचं नेहमीचं तत्त्वज्ञान वाटलं.

पोलिसांकडून येणाऱ्या कागदावर कारण लिहिलेलं असायचं. तिथे 'किरकोळ वादातून' हे शब्द आले की चाचांचं डोकं फिरायचं. त्यांचं म्हणणं असं, की किरकोळ वाद तर रोज घरोघरी होतात. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून होतात, बांधावरून होतात. "किरकोळ वादानं माणूस दोन दिवस बोलत न्हाय, जेवायचा ऱ्हातोय. मरत न्हाय. मेला, कारण त्या टायमाला बंदूक हाताशी हुती. त्येचा रकाना कुठं हाय?" आणि 'इतर' या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. "इतर म्हंजे कुणी इचारलं न्हाय," असं ते म्हणायचे आणि ठाण्याला पुन्हा फोन लावायचे. पलीकडचा हवालदार वैतागून म्हणायचा, माणूस गेला चाचा, आता कारण घेऊन काय करताय.

बंदुकीचं त्यांना एवढं कसं कळतं, हे मला उशिरा समजलं. त्यांचं घराणंच बंदुका दुरुस्त करणाऱ्यांचं. आजा संस्थानच्या काळात शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचा, आणि वडिलांचं गावात छोटं दुकान होतं. रानडुकरांपासून ऊस राखायला परवाना घेतलेले शेतकरी, फौजेतून परत आलेले जवान, असं त्यांचं गिऱ्हाईक. दुनळी बंदूक साफ करायची तर आधी ती मधोमध उघडावी लागते. त्यांच्या घरात त्याला 'मोडणं' म्हणायचे. मोडलेली बंदूक उडत नाही. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला अब्बा, म्हणजे चाचांचे वडील, एकच गोष्ट सांगायचे, "आधी मोड, मग बोल." गिऱ्हाइकाने बंदूक मोडून टेबलावर ठेवल्याशिवाय ते त्याला रामराम सुद्धा करत नसत. चाचांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांना शाळेत घातलं. धाकटा भाऊ अब्बांच्या हाताखाली दुकानात बसला.

माझ्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, फौजेतून निवृत्त झालेल्या एका माणसाला आमच्याकडे आणलं. आणलं तेव्हाच सगळं संपलेलं होतं. बरोबर त्याचा मेव्हणा होता. कागदावर लिहिलं होतं, बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली. चाचा तो कागद घेऊन खाली गेले, मी त्यांच्या मागोमाग. मेव्हणा भिंतीशी उकिडवा बसला होता.

"पावणं, पाणी घ्या," चाचा म्हणाले आणि त्याच्या शेजारी बसले. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर हळूच विचारलं, "बंदूक उघडी हुती का मिटलेली?"

"मिटलेली," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "म्हंजे, साफ करत हुते की ते." चाचांनी त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. तेव्हा तोच म्हणाला, "त्यांच्या पोरीचं जमलंय हो. पुढच्या म्हैन्यात हाय."

"मी काय लिवत न्हाय, पावणं. डॉक्टर आणि पोलीस लिवतील ते मी उतरून घेतो." चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरात तेवढं एकमेकांत बोला. बाहेर न्हाय बोलला तरी चालंल."

वर्षअखेरीला त्यांनी अपघाताच्या रकान्यात एक लिहिला, आणि समासात पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढला. तो ठिपका कशाचा, असं मी विचारलं. ते म्हणाले, "जेवताना सांगतो." आम्ही मागच्या जिन्यावर बसून जेवायचो. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

गोष्ट जुनी होती. चाचा नोकरीला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती, याच दवाखान्यात, याच विभागात. एका दुपारी अब्बा धाकट्याला घेऊन आले. रिक्षातून, मांडीवर डोकं घेऊन. तो आधीच गेला होता. हवालदार जबाब घ्यायला आला. तो अब्बांच्या ओळखीचा होता, दुकानात चहा पिणारा. अब्बांना लिहिता येत नव्हतं, आणि हवालदाराला लिहवेना, म्हणून तो म्हणाला, तुमच्या थोरल्याचं अक्षर चांगलं आहे, त्यालाच लिहू दे. अब्बांनी भिंतीकडे बघत सांगितलं, की बंदूक साफ करत असताना चुकून गोळी सुटली.

"ज्या माणसानं सगळ्या जिल्ह्याला शिकवलं, आधी मोड मग बोल, त्यो सांगतोय की साफ करताना सुटली," चाचा म्हणाले. "त्येला ठावं, हवालदाराला ठावं, मला ठावं. आणि मी लिवतोय. चांगल्या अक्षरात." लोक काय बोलतील, जनाज्याला कोण येईल, कोण कुजबुजेल, याची अब्बांना भीती होती. ती खरी होती का खोटी, हेसुद्धा कधी कळलं नाही, कारण विचारलंच नाही कुणी. वर्षाच्या शेवटी तक्ता करायचं काम नव्या लिपिकाचं, म्हणजे चाचांचंच होतं. बंदुकीच्या ओळीत, अपघाताच्या रकान्यात, त्यांनी एक लिहिला. आत्महत्येच्या रकान्यात निरंक लिहिलं.

"त्याने असं का केलं?" मी विचारलं. आज वाटतं, विचारायला नको होतं.

"ठावं न्हाय." चाचांनी डब्याचं झाकण बोटाने पुसलं. "एका खोलीत निजायचो आमी दोघं. ठावं न्हाय. अपघात लिवलं की कारण इचारायचं काम संपतंय, मुरगूड. त्येच्या दोस्ताला इचारलं असतं, दुकानात कोण येऊन काय बोललं ते इचारलं असतं. पण अपघाताला काय इचारतीस? बंदूक सुटली, एवढंच." मग त्यांनी डबा तसाच पिशवीत ठेवला. "ते मी एक दिस बदलून घेणार हाय. माझ्या हातचं हाय, मीच बदलणार. पण अम्मा हाय तवर न्हाय. तिला वाटतंय साफ करताना गेला. वाटू दे."

त्या वर्षी ईदला मी त्यांच्या घरी गेले होते. दोन खोल्या, गल्लीच्या टोकाला, बाहेर कोंबड्या. म्हाताऱ्या अम्मांनी मला शेजारी बसवून शीरखुर्मा दिला आणि भिंतीवरचा एक फोटो दाखवला. अठरा-वीस वर्षांचा हसरा पोरगा. "माझा धाकटा," त्या म्हणाल्या. "बंदूक साफ करताना गेला." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चाचांकडे बघत होत्या. चाचा वाटीत बघत होते. अब्बा जाऊनही तेव्हा वीस वर्षं झाली होती. ती दोघं माणसं रोज समोरासमोर बसून जेवायची आणि मधे तो फोटो. मी वाटी अर्धीच खाली ठेवली. मी काहीतरी कारण सांगून निघाले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

चाचा निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी सांगितलं, की यांनी चौतीस वर्षं सेवा केली. चाचा उठले आणि म्हणाले, "रजा धरून का सोडून?" सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि मग रडूही आलं. त्यांच्या टेबलावर मी बसायला लागले. मधूनमधून ते यायचे, चहा प्यायचे, तक्ता कुठवर आला विचारायचे. दर वेळी थोडे जास्त वेळ बसायचे. घरी जायची घाई अशी नव्हतीच त्यांना.

तीन वर्षांनी अम्मा गेल्या. चार-पाच दिवसांनी मी भेटायला गेले. चाचा दारात बसले होते. बस म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही, एकदम बोलायलाच लागले. "आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. म्हणली, बाळा, त्यानं बंदूक मोडली न्हवती रं." मी खाली पायरीवर बसले. ते म्हणाले, "चाळीस वर्सं बंदुकीच्या चिंध्या तिनं धुतल्या. अब्बा जेवायला गेले की दुकानात तीच बसायची. तिला कसं ठावं नसंल? माझ्याच ध्यानात आलं न्हाय. ती मला जपत हुती आणि मी तिला. पस्तीस वर्सं, मुरगूड. एकदा बी त्येच्याबद्दल खरं बोललो न्हाय आमी. दोघंच तर हुतो घरात."

एवढं एकटं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या मेव्हण्याला, परक्या माणसाला, ते जे सांगू शकले ते त्यांनी स्वतःच्या घरात कधी केलं नव्हतं.

महिन्याभराने ते अर्ज घेऊन आले. तेच मोत्यासारखं अक्षर, जरा थरथरलेलं. सदर वर्षाच्या तक्त्यात बंदुकीच्या ओळीत अपघात रकान्यातील एक कमी करून आत्महत्या रकान्यात एक वाढवावा. बेरीज तीच राहते. नोंद माझ्या हातची असून चूक माझी आहे. मी आवक शिक्का मारला. चाचांनी शिक्क्याचा नंबर आपल्या नकलेवर उतरून घेतला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले की पस्तीस वर्षांपूर्वीचा तक्ता कोण बदलणार, वर पाठवून तो कुठल्या कुठे गेला असेल. तरतूद नाही असं कळवा. उत्तर टाइप करायचं काम माझं होतं. मी नेहमीच्या नमुन्यात ते टाइप केलं. विषय, आपल्या बंधूंच्या अपघाती मृत्यूच्या नोंदीत बदल करण्याबाबत. खाली, तरतूद नसल्याने विनंती मान्य करता येत नाही.

उत्तर न्यायला चाचा स्वतः आले. सही व्हायच्या आधीच मी तो कागद त्यांना खिडकीतून दाखवला, कारण नुसता पाकिटात घालून द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यांनी सगळा वाचला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "मी असतो तर हेच लिवलं असतं. नियम असाच हाय." मग त्यांचं बोट 'अपघाती' या शब्दावर जाऊन थांबलं. बोट उचललं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मी कागद फाडला आणि पुन्हा टाइप केला. विषय, आपल्या बंधूंनी बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या नोंदीत बदल करण्याबाबत. खालचं सगळं तसंच ठेवलं. विनंती मान्य करता येत नाही. इतर कागदांच्या गठ्ठ्यात घालून मी तो साहेबांपुढे ठेवला आणि त्यांनी सही केली. मग जावक नंबर घ्यायला कबनूरकडे नेला. तीन वेळा निरंक लिहून मोकळा होणारा आमचा कबनूर, त्याने त्या दिवशी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. माझ्याकडे बघितलं. रजिस्टर ओढलं, विषय जसाच्या तसा उतरवला, नंबर टाकला आणि गोल शिक्का मारला.

चाचांनी बाकावरच पाकीट उघडलं. खूप वेळ वाचत होते. एवढुसा कागद, पण ते वाचत होते.

"जावक नंबर पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला. रजिस्टरला पण तसंच उतरवलंय."

"मग झालं की," ते म्हणाले. कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "येतो मी, सुनीता." त्यांना माझं नाव माहीत होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. झोपेत, हृदय बंद पडून. सकाळी दूध घालणाऱ्या बाईंनी हाका मारल्या तेव्हा कळलं. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, मरणाचं कारण नीट लिहिलंय ना. ते जरा रागावले, पण त्यांनी कागद दाखवला. नीट लिहिलं होतं.

घर आवरायला शेजारच्या भाभी होत्या, मीही गेले. अब्बांच्या हत्यारांची पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. त्यात बंदूक साफ करायचा गज, तेलाची बाटली, चिंध्या, आणि सगळ्यात वर धाकट्याचा तो फोटो. फोटोच्या मागे आमचा कागद, चारदा घडी घातलेला.

"तुमच्या हापिसाचा दिसतोय," भाभी म्हणाल्या. "लागंल काय तुम्हांस्नी?"

"नाही," मी म्हटलं. "नक्कल आहे आमच्याकडे." आणि तो होता तसा फोटोमागे ठेवून दिला.

ती नक्कल अजून फाईलमध्ये आहे. जुन्या कागदांच्या खोलीत त्या वर्षाचा तक्ताही आहे, लाल फडक्यात बांधलेला. मी एकदा सोडून बघितला. बंदुकीच्या ओळीत, अपघाताखाली एक, आत्महत्येखाली निरंक, अक्षर फारच सुरेख. बेरीज तपासून पाहिली. बरोबर आहे.